ब्लॉक केल्यानंतरची रात्र कथेत का नसते?

रामबागवाली

नमस्कार मंडळी. इंदूरला आमचं बायकांचं एक वाचनमंडळ आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी रामबागेत माझ्या घरी आठ-नऊ जणी जमतो. सगळ्यांत मोठ्या ताई ८१ वर्षांच्या, सगळ्यांत धाकटी २६ ची. यंदा ठरवून एकाच विषयावरच्या कथा वाचल्या: फोनवरून आणि समाजमाध्यमांवरून बाईचा होणारा छळ. घाणेरडे मेसेज, खोटी खाती, फोटोंची मोडतोड, बलात्काराच्या धमक्या. गेल्या पाच-सहा वर्षांतले दिवाळी अंक चाळून १४ कथा जमवल्या.

बहुतेक कथांचा सांगाडा एकच निघाला. तिला मेसेज येतो, ती हादरते, एक परिच्छेदभर रडते. मग एखादी मैत्रीण किंवा तडफदार पोलीस अधिकारी येते. तपास चालतो, आरोपी ओळखीतलाच निघतो. शेवटी ती आरशासमोर उभी राहून नवा फोटो टाकते.

गेल्या शनिवारी मी अशीच एक कथा मोठ्यानं वाचत होते. नायिका त्या माणसाला ब्लॉक करते आणि कित्येक दिवसांनी शांत झोपते, त्या जागी आले तर आमची धाकटी म्हणाली, "काकू, इथे थांबा. हे असं नसतं."

पुढचं तिच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असं काही न घालता. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी तिचा फोटो आणि नंबर घालून खोटं खातं काढलं. रात्री-अपरात्री अनोळखी पुरुषांचे फोन सुरू झाले. तिनं नंबर बदलला. कथेत हे दोन शब्दांत उरकतं. ती म्हणाली, "नंबर बदलणं म्हणजे काय ते सांगते." बँक, गॅस, आधार, कॉलेजचं लॉगिन, आजीच्या दवाखान्याची फाइल, दूधवाल्याचा ग्रुप. प्रत्येक ठिकाणी प्रश्न ठरलेला, "नंबर क्यों बदला?" तिनं १३ ठिकाणी १३ निरनिराळी कारणं दिली. खरं एकदाही सांगितलं नाही.

फोन उपडा ठेवायची सवय लागली, ती अजून आहे. रस्त्यात एखादा माणूस फोनकडे बघून हसला आणि त्यानं सहज मान वर केली, तरी हिच्या पोटात गोळा येतो: यानं पाहिलं असेल का? राजवाड्याच्या संध्याकाळच्या गर्दीत हे हमखास व्हायचं, म्हणून वर्षभर ती तिकडे फिरकली नाही. राजवाड्यापासून घर चालत वीस मिनिटांवर असून.

त्यानंतर आम्ही कथा पुढे वाचली नाही.

तर माझा प्रश्न असा. पोलीस ठाण्यातून घरी आल्यावर जी सुरू होते, अशी कथा कुणी वाचली आहे का? आणि इथे लिहिणारे बरेच जण आहेत. हे लिहायला का जमत नाही?

माळव्याचा_वाचक

ताई, तुमच्या धाकटीबद्दल वाचून वाईट वाटलं. तरी कथेच्या बाजूनं थोडं बोलतो. कथेला १२-१५ पानं मिळतात. 'नंबर बदलला' हे दोन शब्दांत येतं कारण कथेला पुढे जायचं असतं. दुःखाचा सगळा पसारा मांडला तर ती नोंदवही होईल.

मी एका लहानशा दिवाळी अंकाचं संपादन काही वर्षं पाहिलं. या विषयावरच्या कथांत मला खटकायची ती गोष्ट वेगळी. लेखक मंडळी ते मेसेज जसेच्या तसे दोन-दोन पानं उतरवायची. वास्तव दाखवायचं, हे त्यांचं म्हणणं. मी ते कापायचो, त्यावरून भांडणं झाली, दोघांनी कथा परतही घेतल्या. आजही मला ते कापणं बरोबर वाटतं. ती पानं वाचताना वाचक बाईच्या शेजारी बसलेला नसतो. तो मेसेज टाइप करणाऱ्याच्या खांद्यावरून बघत असतो, आणि त्याला त्यात रस येऊ लागतो.

रामबागवाली

दुसरं म्हणणं पूर्ण पटलं. पहिलं नाही पटलं. १५ पानांतली दहा तपासाला जातात. आयपी ॲड्रेस, सायबर सेल, कॅफेतला सीसीटीव्ही. मला त्या दहांतलीच पाच पानं हवी आहेत, जास्तीची मागत नाही.

लष्करची_लेक

माहेर ग्वाल्हेर, सासर इंदूर. हा विषय इंटरनेटनं आणला असं धरून चाललो तर आपण आपल्याच भाषेतला मोठा ऐवज विसरतो, म्हणून थोडं मागे जाते.

१८८१ मध्ये सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे अपिलात कमी झाली. त्या निमित्तानं वर्तमानपत्रं बाईच्या जातीवरच तुटून पडली. कुणीही उठावं आणि चारित्र्यावर लिहावं. त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिलं. मग लोक ताराबाईंवर घसरले, इतके की जोतीराव फुल्यांना त्यांच्या बाजूनं लिहावं लागलं. ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्याकडे नाही. त्यांनी लिहिणं का थांबवलं याबद्दल मी काही दावा करत नाही, पण मंडळात हे पुस्तक वाचलं तेव्हा मागच्या कोऱ्या पानाकडे मी बराच वेळ बघत बसले होते.

१९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला तेव्हा गदारोळ झाला आणि लोक 'विभावरी शिरूरकर' नक्की कोण ते शोधत सुटले. मालतीबाई बेडेकर त्या नावाआड होत्या म्हणून थोड्या तरी सुरक्षित होत्या. आता हे उलटं झालं आहे बघा. तेव्हा लिहिणारी टोपणनाव घेत होती. आज लिहिणारी आपल्या नावानं, फोटोसकट लिहिते आणि टोपणनाव शिवी देणारा घेतो.

अजून एक, आपल्या मुलखाबद्दल. साहित्य संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष कुसुमावती देशपांडे, त्या १९६१ मध्ये, आमच्या ग्वाल्हेरला. २००१ मध्ये विजया राजाध्यक्ष, त्या इंदूरला. बाईचं लिहिणं ऐकायला मांडवात माणसं बसतात, हे या दोन्ही गावांनी पाहिलं आहे. म्हणून मला या धाग्यावर नुसतं "काळ वाईट आहे" म्हणून थांबवत नाही.

प्रश्न_आहे

मनापासून विचारतो, रागावू नका. शिव्या पुरुषांनाही बसतात. मी राजकारणावर लिहितो, मला रोज बसतात. मग कथा फक्त बायकांच्याच का हव्यात?

लष्करची_लेक

रागावत नाही. तुम्हाला बसणाऱ्या शिव्या एकदा आठवून पाहा. त्यांतल्या किती तुमच्या मताला असतात आणि किती तुमच्या आई-बहिणीला? तुमच्यावर नेम धरला तरी मध्ये बाईच उभी केली जाते.

आकडाच हवा तर एक आहे. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल इंडियानं मार्च ते मे २०१९ या निवडणुकीच्या काळातली, ९५ महिला नेत्यांचा उल्लेख असलेली १,१४,७१६ ट्विटं तपासली आणि २०२० मध्ये अहवाल काढला. साधारण सातांतलं एक ट्विट अपमानास्पद किंवा त्रासदायक निघालं. या बायकांकडे पक्ष आहे, कार्यकर्ते आहेत, काहींकडे पोलीस संरक्षणही आहे. आमच्या शनिवारच्या धाकटीकडे एक फोन आहे, तोही उपडा ठेवलेला.

प्रश्न_आहे

आई-बहिणीचं कधी असं मोजलं नव्हतं. वाचतो आहे.

वकील_वहिनी

मी इंदूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. कथांमधल्या कायद्याच्या चुका सांगते, कारण त्या चुकांबरोबर माणूसही निसटतो.

कथांतले पोलीस अजून ६६ अ लावतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ते कलम सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं आहे. पाठलागाचं कलम जुन्या भारतीय दंड संहितेतलं ३५४ ड, ते २०१३ च्या दुरुस्तीनं आलं आणि त्यात इंटरनेटवरून पाळत ठेवणंही धरलेलं होतं. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ झालं. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पण जामीनपात्र. आता हे कथेत घालून बघा. आरोपीला गाडीत घालून नेलं की तुमची कथा संपते. खऱ्या आयुष्यात तो संध्याकाळी घरी असू शकतो, आणि घर तिच्याच कॉलनीत असू शकतं. ती दूध आणायला निघते आणि तो गॅलरीत उभा असतो. ही संध्याकाळ मी एकाही कथेत वाचलेली नाही.

दुसरं, पुराव्याचं. माझ्याकडे आलेल्या मुलीला मी सगळ्यांत आधी सांगते, काहीही पुसू नकोस. तिला तर ते सगळं आधी पुसायचं असतं, अंगावरचा चिखल धुवावा तसं. मी म्हणते, ठेव. स्क्रीनशॉट, तारीख, वेळ, खात्याची लिंक, सगळं ठेव. न्यायालयात मांडायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, पूर्वी त्याला ६५ ब म्हणायचे. त्यामुळे ती घाण ती महिनोन्महिने पर्समध्ये घेऊन हिंडते. त्याच फोनवर आई बोलते, त्याच फोनवर भाचीच्या वाढदिवसाचे फोटो येतात. एका मुलीनं त्या फोल्डरला 'लाइट बिल' असं नाव दिलं होतं, घरातल्या कुणाला उघडावंसं वाटू नये म्हणून.

खासगी फोटो पसरवले जाऊ नयेत म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये 'स्टॉप एनसीआयआय' ही सोय सुरू झाली. फोटो कुणाला पाठवावा लागत नाही. फोनमध्येच त्याचा आकड्यांचा ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा त्यात सामील कंपन्यांकडे जातो. चांगली सोय आहे, मी ती सुचवते. पण त्यासाठी तिला तो फोटो आधी निवडावा लागतो, म्हणजे पुन्हा बघावा लागतो. त्या वेळी तिच्या शेजारी कोण बसलेलं असतं? कुणी असतं का? कथाकारांनी तिथे जावं असं मला फार वाटतं.

जाता जाता: १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. बायकांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही करता येते. आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे हद्द कोणतीही असो, कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. "हमारे एरिया का नहीं है" हे उत्तर ऐकून परत फिरू नका.

माळव्याचा_वाचक

'लाइट बिल'. वहिनी, मी पहिल्या प्रतिसादात नोंदवही म्हणालो होतो तो शब्द मागे घेतो. हे एक फोल्डर दाखवलं तर पाच पानं लागणारही नाहीत.

स्नेहलतागंज_३

मी कधी लिहीत नाही, फक्त वाचते. आज लिहिते आहे.

माझी मुलगी बारावीत असताना तिच्या फोटोला दुसरंच शरीर जोडून कुणीतरी क्लासच्या मुलांत फिरवलं. तिनं मला येऊन सांगितलं. मी स्वयंपाकघरात होते, कुकरची दुसरी शिट्टी झाली होती. मी तिला पहिलं वाक्य बोलले ते असं: "तू काय टाकलं होतंस?"

पुढे मी सगळं केलं. क्लासमध्ये जाऊन भांडले, तक्रार केली, रात्री तिच्याजवळ झोपले. नणंदेनं फॅमिली ग्रुपवर "मुलींनी फोटो टाकूच नयेत" म्हणून लांबलचक मेसेज पाठवला, तेव्हा मी ग्रुप सोडला. तरी ते पहिलं वाक्य राहिलंच. ती आता पुण्याला नोकरी करते. रोज फोन येतो, भाजी काय केली ते सांगते, हसते. मनातलं काही सांगत नाही. मला ते कळतं.

तुमच्या चौदा कथांत आई कशी आहे? मला ते वाचायचं आहे. माझ्यासारखी आई कुणी लिहिली असेल तर कृपा करून सांगा.

रामबागवाली

स्नेहलतागंजवाल्या ताई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. १४ कथांत आई दोनच प्रकारची आहे: एक मुलीलाच दोष देणारी कठोर, दुसरी पदर खोचून तिच्या बाजूनं उभी राहणारी. पहिलं वाक्य चुकलेली आणि नंतर रात्रभर उशाशी बसलेली आई एकाही कथेत नाही. तुमच्या मुलीनं ती रात्रही लक्षात ठेवली असेल. तिला हे लिहिलेलं दाखवा, असं मला म्हणावंसं वाटतं. घाई नाही.

आता इंदूरकर म्हणून एक बोलायचं राहिलं आहे. जुलै २०२१ मध्ये एक ॲप निघालं. त्यात मुसलमान बायकांचे, पत्रकारांचे, कार्यकर्त्यांचे फोटो लावून त्यांचा 'लिलाव' मांडला होता. १ जानेवारी २०२२ ला तसंच दुसरं निघालं. त्या जानेवारीत दिल्ली पोलिसांनी पहिल्या ॲपच्या प्रकरणातला आरोपी पकडला तो आपल्या इंदुरातून. पंचविशीतला, शिकलेला मुलगा. त्या दिवशी आमच्या मंडळातल्या एकीचा मुलगाही पंचविशीचा होता, आणि तोही दिवसभर बंद खोलीत संगणकावर बसायचा. तिनं त्या संध्याकाळी त्याच्या खोलीचं दार उगीचच दोनदा उघडलं. हे तिनं आम्हाला आत्ता, इतक्या वर्षांनी सांगितलं.

कथांतला गुन्हेगार नेहमी दुरून ओळखू यावा असा असतो. अंधारी खोली, विस्कटलेले केस, नाकारला गेलेला प्रेमवीर. सकाळी आईनं वाढलेले पोहे खाऊन, तिला "येतो गं" म्हणून कामाला जाणारा का नसतो? त्या मुलाची आई आणि त्या बाईची आई सराफ्यात एकाच दुकानासमोर उभ्या असू शकतात. मला ती कथाही हवी आहे.

नवी_पाटी

मी ती धाकटी. काकूंनी परवानगी घेतली होती तेव्हा वाटलं होतं की मी काही लिहिणार नाही. वकील वहिनींचं वाचून लिहावंसं वाटलं. माझंही फोल्डर आहे, त्याचं नाव 'रेसिपी'.

कथांत भीती असते, रडणं असतं. कुणी कंटाळा लिहीत नाही. रोज सकाळी दात घासून झाले की अनोळखी मेसेजचा डबा रिकामा करायचा, अंगण झाडल्यासारखा. तिसऱ्या महिन्यात मला त्यांतल्या वाक्यांचं व्याकरण दिसायला लागलं. एकजण 'ही' आणि 'हि' मध्ये नेहमी चुकायचा. मी चहा पीत मनातल्या मनात त्याचं शुद्धलेखन सुधारत होते. ते लक्षात आलं आणि कप खाली ठेवला. त्या दिवशी मला सगळ्यांत जास्त वाईट वाटलं, कारण ते माझ्या रोजच्या जगण्यात येऊन बसलं होतं.

मी कविता लिहिते. त्या काळात लिहिणं थांबलं नाही, फक्त 'मी' हा शब्द गेला. सगळ्या कविता पावसावर, झाडांवर, नदीवर. लोकांना आवडल्या. एका ज्येष्ठ कवींनी कौतुकानं सांगितलं, "आता पक्व झालीस, स्वतःच्या बाहेर पडलीस." मी नमस्कार केला आणि घरी आले. त्यांचा काही दोष नाही, त्यांना कसं कळणार. मी स्वतःच्या बाहेर पडले नव्हते. मी दार आतून लावून घेतलं होतं.

आणि चांगल्या गोष्टीही बिघडतात, हेही कुणी लिहीत नाही. शाळेतल्या एका मित्रानं नव्या नंबरवरून "ओळखलंस का?" एवढाच मेसेज केला. स्नेहसंमेलनाला बोलवायचं होतं त्याला. माझे हात गार पडले. मी उत्तर दिलं नाही. तो अजून समजतो की मी गर्विष्ठ झाले.

एक कथा अर्धी लिहून ठेवली आहे. ती सुरू होते त्या दिवशी त्याला जामीन मिळालेला असतो. पुढे जात नव्हती, कारण मलाही शेवटी तिला आरशासमोर उभं करायची घाई झाली होती.

माळव्याचा_वाचक

नवी पाटी, तिला आरशासमोर नेऊ नका. दूधच आणायला पाठवा. आणि संपादक म्हणून एक विनंती, ती गॅलरीकडे बघते की नाही, हे आधी ठरवून लिहायला बसू नका.

नवी_पाटी

हो. काल तिला जिन्यापर्यंत आणलं.

रामबागवाली

दोन आठवड्यांनी परत लिहिते आहे. येत्या शनिवारी मंडळात नवी पाटीची कथा वाचणार, जेवढी झाली आहे तेवढी. ती स्वतः वाचणार नाही, मी वाचेन, असं ठरलं आहे. फोनवर पाठवायची नाही अशी तिची अट होती, म्हणून कागदावर काढली. वकील वहिनी, तुम्ही इंदुरातच आहात, तर नक्की या. स्नेहलतागंजवाल्या ताई, तुम्हीही, काही बोलावं लागणार नाही.

झेरॉक्स करायला आमच्या ८१ वर्षांच्या ताई सोबत आल्या होत्या. दुकानात पानं जुळवता जुळवता त्यांनी सांगितलं की १९६५ मध्ये त्या नुकत्याच शाळेत शिकवायला लागल्या होत्या, तेव्हा घरी एक निनावी पत्र आलं. मग दुसरं आलं. एकूण चार. पहिलं सासऱ्यांनी फोडलं आणि सगळ्यांसमोर वाचलं. ताईंनी त्या वर्षी नोकरी सोडली, कारण विचारलं की तब्येतीचं सांगायच्या. मंडळात त्या इतकी वर्षं येतात, हे कधी बोलल्या नव्हत्या. मी विचारलं, काय लिहिलं होतं? म्हणाल्या, ते विसरले. शाई हिरवी होती.

प्रती दहा काढल्या आहेत. ताईंच्या प्रतीचं अक्षर मोठं केलं आहे.